छप्पन्न पेन्सचा पौंड

आमच्या ताईला तिच्या नवऱ्यानं कधी मारलं नाही, शिवी दिली नाही, साधा आवाजही चढवला नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण लोक पहिलं तेच विचारतात. माझे भाऊजी पुरुषोत्तम खांबेटे नॉटिंगहॅमच्या मराठी मंडळात सज्जन गृहस्थ म्हणून प्रसिद्ध आहेत. कुणाचा टॅक्सचा फॉर्म अडला, कुणाला पेन्शनचं कळेना, की लोक त्यांच्याकडे जातात आणि ते चहा पाजून, समजावून, एक पैसा न घेता काम करून देतात. मी त्यांची धाकटी मेहुणी वरदा. बर्मिंगहॅमला औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. मला कुणी सज्जन म्हणत नाही, आणि म्हणू नये असं काय आहे ते पुढे येईलच.

भाऊजी मूळचे डोंबिवलीचे. चौऱ्याऐंशी साली ते इथे आले ते पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात माल तपासायला. तीस वर्षं त्यांनी तेच केलं. केसभर फरक असलेला भाग ते परत पाठवत, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. ही सवय त्यांनी कारखान्यात ठेवायला हवी होती, पण ती त्यांच्याबरोबर घरी आली. टोमॅटो घ्यायचे तर तीन दुकानं, गाडीचा इन्शुरन्स घ्यायचा तर अकरा कंपन्या. लग्नही त्यांनी असंच केलं. शहाऐंशी साली तीन आठवड्यांच्या रजेत नऊ मुली पाहिल्या आणि प्रत्येकीला शंभरपैकी गुण दिले. ताईला सहासष्ट पडले. हे मला कुणी चोरून सांगितलेलं नाही, ते स्वतःच मंडळाच्या गणपतीत दरवर्षी सांगतात.

"आमची मधुमती एम.एस्सी., दिसायला बरी, घराणं चांगलं. पण पत्रिकेत कडक मंगळ! त्यामुळे मार्केटमध्ये डिमांड नाही. मला डिस्काउंटमध्ये मिळाली!"

हॉल हसतो. ताईही हसते. एकदा मी तिला म्हटलं, तुला राग कसा येत नाही गं? तर म्हणाली, "अगं, कौतुकच करतायत ते. स्वस्तात मिळालेली चांगली वस्तू म्हणतायत."

ताईनं इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं लोकांचं रक्त तपासलं. पन्नाशीत तिला संधिवातानं धरलं, तो नुसता गुडघ्यांचा नव्हे, बोटं वाकडी करणारा. दोन हजार एकवीसच्या उन्हाळ्यात ती निवृत्त झाली तेव्हा तिच्या हातात बरणीचं झाकण फिरवायची ताकद उरली नव्हती. निवृत्तीला पेन्शनखेरीज एकरकमी चौसष्ट हजार पौंड मिळाले. त्यातून तिला एकच गोष्ट हवी होती, बंगला. आपल्याकडे बंगला म्हटलं की लोकांना श्रीमंती वाटते. इथे बंगला म्हणजे जिना नसलेलं घर, म्हाताऱ्यांचं. त्यांच्या घराला जिना होता, तेरा पायऱ्यांचा, सातव्या पायरीला वळण असलेला, आणि संडास-बाथरूम दोन्ही वर.

"पैसे आलेत, आता जिना सुटला," असं ती मला फोनवर म्हणाली. लग्न ठरल्यावर तिचा आवाज जसा झाला होता तसा झाला होता.

भाऊजींची हरकत नव्हती. त्यांची कधीच हरकत नसते. ते म्हणाले, "घेऊ ना बंगला. मनासारखा मिळायला दोन-तीन वर्षं लागतील, तोवर पैसे नुसते पडून कशाला ठेवायचे? कामाला लावू." आणि ते तुलनेला बसले.

चार महिने बसले. शेवटी तीन इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट त्यांनी बाजूला काढले. त्यांची लांबलचक नावं ताईला लक्षात राहीनात म्हणून भाऊजींनी त्यांची नावं ठेवली थोरली, मधली आणि धाकटी. जेवताना चर्चा त्यांचीच. थोरली शंभर वर्षांची, भरवशाची, पण मंद. मधलीचे मॅनेजर फार बदलतात. धाकटी तेज, पण तिच्या पोटात तीस टक्के अशा कंपन्या ज्या अजून शेअर बाजारात आलेल्याच नाहीत. घरात सून आणायची असावी तसं चाललं होतं. त्या तिघींच्या तब्येतीची भाऊजींना जितकी खडान्खडा माहिती होती, तितकी ताईच्या गोळ्यांची नव्हती. गोळ्या मी बघत होते.

त्या वर्षी दिवाळीत मंडळाच्या गुंतवणूक कट्ट्यावर भाऊजींचं भाषण होतं. शाळेचा हॉल, तीसेक माणसं. भाऊजींनी ताईनं केलेल्या फराळाचा डबा टेबलावर ठेवला.

"ट्रस्ट म्हणजे हा डबा," ते म्हणाले. "आत निरनिराळ्या कंपन्या. तुम्ही एकेक कंपनी विकत घेत नाही, डब्याचा हिस्सा घेता. आता या चकल्या. लेस्टरच्या दुकानात भाव लावलेला आहे, कुणीही जाऊन बघावं. या झाल्या लिस्टेड कंपन्या. आणि या करंज्या. या दुकानात मिळत नाहीत, मधुमतीनं घरी केल्या. या अनलिस्टेड. यांची किंमत किती?"

"ती कोण ठरवणार?" मी मागून विचारलं.

"ज्याचा डबा तो ठरवणार. अर्थात नियमानं, तज्ज्ञांना विचारून. म्हणून बाजाराचा त्यावर पूर्ण विश्वास नसतो. म्हणून आतला माल शंभराचा असला तरी डबा कधीकधी नव्वदला मिळतो, ऐंशीला मिळतो. त्याला म्हणायचं डिस्काउंट. शहाणा माणूस तेव्हा घेतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि करंज्या संपवल्या. त्या करंज्या करताना ताईला दोन दिवस लागले होते. वाकड्या बोटांनी तिला कडा मुडपता येईनात म्हणून ती काट्यानं दाबत बसली होती. त्या महिन्यात ताईचे चौसष्ट हजार धाकटीत गेले. भाऊजींच्या पेन्शनवर आधीच टॅक्स बसत होता, म्हणून खातं ताईच्याच नावावर ठेवलं. भाऊजी फॉर्मवर पेन्सिलनं फुली करत आणि ताई त्या फुलीवर सही करी. पस्तीस वर्षं त्यांच्या घरी सगळे कागद असेच झाले. तिनं कधी वाचलं नाही. लॅबमध्ये दुसऱ्याच्या रिपोर्टवर सही करण्यापूर्वी दोनदा वाचणारी बाई होती ती.

मीही घेतले. आठ हजारांचे. भाऊजींनी मला फॉर्म भरून दिला.

पुढच्या वर्षी धाकटी कोसळली. व्याजदर वाढले, युद्ध झालं, आणि उद्याच्या भरवशावर चालणाऱ्या कंपन्या लोकांना आज नकोशा झाल्या. आतल्या मालाची किंमत उतरलीच, पण डब्याची त्याहून उतरली, कारण त्या करंज्यांवर आता कुणाचाच विश्वास नव्हता. चौसष्टाचे पन्नास झाले, चाळीस झाले. दुसरा माणूस असता तर हादरला असता. भाऊजी खुलले. रोज सकाळी आठला लंडनचा बाजार उघडला की ते लॅपटॉपसमोर असायचे, आणि ताई खाली आली की तिला भाव नाही, डिस्काउंट सांगायचे. "आज अडतीस टक्के!" जणू काही आपल्यालाच सूट मिळते आहे. अहो, विकत घेणाऱ्याला सूट! तुम्ही घेऊन बसला आहात! हे मी त्यांना एकदा म्हटलंही. त्यांनी शांतपणे मला कागदावर समजावलं, आणि दहा मिनिटांनी मला ते पटलं. हेच त्यांचं वाईट आहे. ते नेहमी पटतं.

तोवर ताई जिना बसून उतरू लागली होती, एकेका पायरीवर. चढताना हात आणि गुडघे टेकून, रांगत. जिन्यावर बसवायच्या यांत्रिक खुर्चीची चौकशी झाली. वळण असल्यामुळे सात हजार दोनशे पौंड पडत होते. भाऊजींनी हिशेब केला की बंगला घ्यायचाच आहे तर ही खुर्ची दीड-दोन वर्षं वापरणार, आणि नंतर तिची किंमत शून्य. ताईला पटलं. तिनं आपल्यापुरता दुसरा उपाय काढला. सकाळच्या चहानंतर ती संध्याकाळपर्यंत पाणीच प्यायची नाही, म्हणजे वर जायला नको. एकतीस वर्षं लोकांच्या मूत्रपिंडांचे आकडे वाचलेल्या बाईनं हे केलं. मला कळलं तेव्हा मी तिच्यावर इतकी ओरडले की शेजारची इंग्रज बाई दार वाजवून गेली.

मी तिच्या मुलाला फोन केला. अनिश ग्लासगोला असतो, विमा कंपनीत आकडेमोडीचं काम करतो. जन्म इथलाच.

"मावशी, मी समजतो," तो म्हणाला. "आईचा गुडघा खूप दुखते. But honestly, on the numbers, बाबा चूक नाहीये. फॉर्टी पर्सेंट डिस्काउंटला कोण विकते?"

"तुझी आई जिना रांगत चढते रे."

"आय नो. इट्स हॉरिबल. मी बाबाशी बोलेल."

तो बोलला. दोघं तासभर धाकटीबद्दल बोलले.

मे दोन हजार तेवीसमध्ये बंगला मिळाला. बीस्टनमध्ये, ट्रामच्या थांब्यापासून चार मिनिटांवर. एक म्हातारी तिथे राहत होती, ती वारली आणि तिच्या मुलीनं विकायला काढला. उंबरा नाही, दारं रुंद, भिंतींना धरायच्या दांड्या, बाथरूममध्ये शॉवरखाली भिंतीला टेकलेली प्लास्टिकची खुर्ची. आम्ही तिघं बघायला गेलो. भाऊजी छपराचं वय विचारत होते. ताई दिसेना म्हणून मी शोधत गेले, तर ती बाथरूममध्ये त्या खुर्चीवर बसली होती, कोटसकट, पर्स मांडीवर घेऊन. मी म्हटलं, चल. तर म्हणाली, "थांब गं जरा. बसू दे." मला तिथेच रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

हिशेब सोपा होता. राहतं घर विकून जे येणार होतं त्यावर आणखी तीस हजार लागत होते. वकील आणि बाकीचा खर्च भाऊजींच्या बँकेतल्या पैशांतून निघत होता. ताईचे धाकटीतले शेअर त्या आठवड्यात विकले असते तर एकतीस हजार दोनशे आले असते. चौसष्टाचे एकतीस. पण जिना सुटत होता. आणखी एक जोडपं बंगल्याच्या मागे होतं, म्हणून एजंटनं मंगळवारी दुपारी बारापर्यंत उत्तर मागितलं होतं.

भाऊजी दोन दिवस तुलना करत होते. सोमवारी रात्री मला राहवेना. मी मंगळवारची रजा टाकली आणि सकाळी नऊला नॉटिंगहॅमला हजर झाले. भाऊजी मागे बागेत होते. मी ताईला विचारलं, खातं कुणाच्या नावावर आहे?

"माझ्या."

"मग विकायला कुणाची परवानगी लागते?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. चौसष्ट वर्षांची बाई, आणि हा विचार तिच्या मनाला शिवलाच नव्हता. मी कागद शोधून नंबर काढला, फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडे एक तरुण पोरगा होता, फार गोड बोलणारा. त्यानं जन्मतारीख विचारली, पत्ता विचारला, मग म्हणाला, तुमच्या गुप्त शब्दातलं तिसरं आणि पाचवं अक्षर सांगा.

ताईनं माझ्याकडे पाहिलं. तिला गुप्त शब्द माहीतच नव्हता. मी काही करायच्या आत तिनं खिडकीकडे तोंड करून हाक मारली.

"अहो! माझा पासवर्ड काय आहे हो?"

भाऊजी आत आले. हात धुतले, पुसले. आम्ही काय करतोय ते त्यांना लगेच कळलं. मला वाटलं आता फोन हिसकावतील. मी भांडायला तयार होते, मला भांडायचंच होतं. त्यांनी शांतपणे अक्षरं सांगितली. शब्द होता गोदावरी, त्यांच्या आईचं नाव. पलीकडचा पोरगा म्हणाला, लव्हली, मिसेस खांबेटे, किती शेअर विकायचे?

"एक मिनिट थांबायला सांग त्याला," भाऊजी म्हणाले आणि ताईच्या शेजारी बसले. "मधु, पैसे तुझे आहेत. तू विक. मी नाही म्हणणार नाही. फक्त काय करतेयस ते नीट समजून घे. आतल्या शंभराच्या मालातला सत्तरचा माल आज, आत्ता, बाजारात रोकडा विकता येतो. राहिलेल्या तीसची किंमत आपण शून्य धरू. तरी सत्तर. आणि तू तो डबा छप्पन्नला देतेयस. म्हणजे पौंड हातात धरून तू छप्पन्न पेन्सला विकतेयस. घेणारा कोण आहे माहीत नाही, पण तो आज संध्याकाळी पार्टी करणार."

ताईचा हात फोनवर होता.

"बंगले पुन्हा येतात," भाऊजी म्हणाले. मग ते माझ्याकडे वळले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "वरदा, तुझ्याकडेही आहेत की. तू विकलेस का?"

मला वर्षभर पैशांची गरज नव्हती असं नाही. स्वयंपाकघर करायचं होतं. भाव पडत असताना दहा वेळा मी विकायला बसले होते आणि दहा वेळा उठले होते, कारण आठाचे चार हजार घेणं माझ्या जिवावर आलं होतं. वर येतील, मग बघू. मी खोटं बोलायला हवं होतं. हो म्हणायला हवं होतं. एक शब्द. आयुष्यात मी कमी का खोटं बोलले आहे?

"नाही," मी म्हटलं.

ताईनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. परीक्षेत दोघींचं उत्तर सारखं आल्यावर बघावं तसं. मग ती फोनकडे वाकली आणि म्हणाली, "थँक यू, डिअर. आय विल रिंग यू लेटर." पोरगा म्हणाला, नो प्रॉब्लेम अॅट ऑल, आणखी काही मदत हवी आहे का? ताई म्हणाली, नो, दॅट्स ऑल.

बाराला एजंटला नकार गेला. बंगला त्या दुसऱ्या जोडप्याला मिळाला. दोघंही चाळिशीतले आणि धडधाकट. त्यांच्या कुत्र्याला संधिवात होता म्हणे.

त्यानंतर दीड वर्ष ताई जिना चढली-उतरली. बंगले आले नाहीत असं नाही. आले. पण एकदा महाग होते, एकदा लांब होते, आणि एकदा धाकटीतली बॅटऱ्या बनवणारी कंपनी बुडाली म्हणून अगदीच चुकीची वेळ होती. भाऊजी ताईची नखं कापत, तिच्या चहात अडीच चमचे साखर मोजून घालत, तिला हाताला धरून पहिल्या पायरीपर्यंत आणत. प्रेम नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. म्हणता आलं असतं तर हे सगळं सोपं झालं असतं.

पंचवीसच्या जानेवारीत, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, ताई वळणावरच्या पायरीवरून पडली. बसूनच उतरत होती. गाऊन कुठेतरी अडकला. भाऊजी खाली लॅपटॉपसमोर होते. आवाज आल्यावर त्यांनी आधी स्क्रीनवरचा भाव पाहिला असेल असं मी लिहिणार नाही. लिहायची इच्छा फार आहे, पण ते धावले. खुर्ची उलटी पडली इतके धावले. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आणि पाचव्या दिवशी हॉस्पिटलमध्येच तिला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. बोलणं राहिलं, पण जड, शब्द एकेक करून उचलावा लागतो तसं. एप्रिलमध्ये डॉक्टर म्हणाले की आता घरी ठेवता येणार नाही. तिला नर्सिंग होममध्ये हलवलं. सगळं एका मजल्यावर, रुंद दारं, भिंतींना दांड्या.

भाऊजी दिवसातून दोनदा बसनं तिथे जातात. घरून वरण नेतात, तिला भरवतात. तिथल्या फिलिपिनो नर्स म्हणतात, असा नवरा आम्ही पाहिला नाही.

आणि जूनमध्ये धाकटी वर आली. तिच्या पोटातली, गोदामांना यंत्रमानव पुरवणारी एक स्वीडिश कंपनी न्यूयॉर्कच्या बाजारात उतरली आणि ट्रस्टनं धरलेल्या किमतीच्या तिप्पट भावाला गेली. त्याच सुमारास एका मोठ्या अमेरिकन भागधारकानं ट्रस्टच्या मानगुटीवर बसून डिस्काउंट जवळजवळ संपवायला लावला. करंज्या खऱ्या निघाल्या. भाऊजींनी चार वर्षं जे जे सांगितलं होतं ते शब्दशः तसंच झालं. कट्ट्यावरचे जे लोक मधेच विकून मोकळे झाले होते ते आता त्यांचं नाव काढतात आणि कानाला हात लावतात. मीही त्याच आठवड्यात माझे विकले. आठाचे आठ हजार नऊशे झाले. स्वयंपाकघराचा ओटा करून घेतला. छान झाला आहे. त्यावर मला कणीक मळवत नाही, पण तो माझा प्रश्न आहे.

ताईचे शेअर विकले त्या आठवड्यातल्या रविवारी मी नर्सिंग होममध्ये गेले होते. खिडकीशी ताईची चाकांची खुर्ची होती. भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून आले, तिच्यासमोर बसले, तिचा चांगला हात हातात घेतला.

"मधु, विकले. एकाहत्तर हजार चारशे. तुझा एक पौंडही बुडू दिला नाही मी."

ताई हसली. अर्धंच हसता येतं तिला. "शाबास," ती म्हणाली.

"फक्त आता नियम असा आहे," भाऊजी म्हणाले. त्यांचा चेहरा पडला. "इथला खर्च कौन्सिल उचलते, पण माणसाच्या नावावर तेवीस हजार अडीचशेच्या वर जे असेल ते आधी संपवावं लागतं. घर धरत नाहीत, कारण त्यात मी राहतो. माझे पैसे धरत नाहीत. हे धरतात, कारण हे तुझ्या नावावर आहेत." त्यांनी चष्मा काढला. "चूक झाली माझी."

चार वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. जिना नव्हे, बंगला नव्हे. पैसे कुणाच्या नावावर ठेवले ती चूक. मी बोलायला तोंड उघडलं, पण ताईनं मला डोळ्यांनी थांबवलं. तिला काहीतरी विचारायचं होतं.

"आठवड्याला... किती?"

"तुझं पेन्शन वजा जाता हजार वीस."

"मग किती आठवडे... पुरतील?"

"सत्तेचाळीस. त्यानंतर कौन्सिल देईल, पण मग कदाचित इथून हलवतील. स्वस्तातल्या ठिकाणी."

ताईनं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पार्किंग होतं, एक माणूस गाडीतून कुणाच्या तरी आईला उतरवत होता. ताईच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. पस्तीस-चाळीस वर्षं ज्या माणसाच्या डोळ्यांनी जग पाहिलं, त्याच डोळ्यांनी ती आता स्वतःकडे बघत होती, आणि तिला खरोखर आकडा हवा होता.

"आणि मी... वीस आठवड्यांत आटपलं तर?"

"ताई!" मी ओरडले. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यानं वळून पाहिलं.

भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मी शपथेवर सांगते, आलं. त्यांनी तिचा हात घट्ट धरला, मान हलवली, नाही नाही असं काहीतरी पुटपुटले. मी त्यांच्या तोंडाकडेच बघत होते. ओठ हलायचे थांबले नाहीत. पुटपुटणं संपलं होतं आणि ते मनातल्या मनात गुणाकार करत होते.

"एक्कावन्न हजार राहतील," ते म्हणाले. "सगळे धरून."

ताईनं मान डोलावली.

"बरे राहतील," ती म्हणाली.